बँगोरचा कूड

मी खोटं दोनदाच बोलले. एकदा सासऱ्यांबद्दल आणि एकदा सासऱ्यांशी. दोन्ही मिळून दोन मिनिटांचंसुद्धा बोलणं नसेल. पण त्या दोन मिनिटांपायी आमच्या घरातला माणूस उठून गेला, आणि गंमत बघा, मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलणार कसं? कुणाला ठाऊकच नव्हतं. मी मूळची नागपूरची, तोंडाने फटकळ. दुसऱ्यांचं जसं धडाधड बोलते तसं म्हटलं एकदा स्वतःचंही बोलावं.

माझे सासरे नंदकुमार उतेकर. आधी आम्ही इथे अमेरिकेत पिस्कॅटवेला राहायचो, तिथे सगळे त्यांना नंदूकाका म्हणायचे. मी बाबा म्हणते. वय शहात्तर. जन्म महाडच्या वर, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीतला, आणि नोकरी सगळी एसटीच्या महाड डेपोत. शेवटची बारा वर्षं तिथे कंट्रोलर होते, म्हणजे खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवर सांगायचे. घरात मात्र आवाज नाही. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवतील. काही विचारलं की एकच उत्तर, "तुम्ही म्हणाल तसं." या एका वाक्याने मला वीस वर्षं फसवलं. मला वाटायचं, या माणसाला स्वतःचं असं काही हवंच नसतं.

सासूबाई गेल्यावर निमिषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांचं ग्रीन कार्ड केलं आणि त्यांना इकडे आणलं. विचारलं तेव्हाही "तुम्ही म्हणाल तसं"च. पिस्कॅटवेत ते रुळलेसुद्धा. देवळाजवळच्या बाकावर पाच काका जमायचे. एकाचे गुडघे, एकाची सून, असं बोलणं चालायचं आणि आमचे बाबा त्यांना वरंध घाटात बंद पडलेल्या गाड्यांच्या गोष्टी सांगायचे. मग आमची दोघांची कामं घरूनच सुरू झाली, मुलगी आन्या बोस्टनला कॉलेजात गेली, आणि आम्हाला मोठ्या घराची हौस आली. तीन वर्षांपूर्वी तास-सव्वा तास पश्चिमेला, पेनसिल्व्हेनियातल्या बँगोर नावाच्या गावात आम्ही घर घेतलं. पाच काकांचा बाक मागे राहिला. तो विचार आमच्या मनातही आला नाही, ही पहिली चूक. पण ती दोघांची होती, तिचं अर्धंच माझ्याकडे.

हे बँगोर म्हणजे दगडखाणींचं गाव. इथला दगड आपल्या शाळेतल्या पाटीचा. छपरं पाटीची, पायऱ्या पाटीच्या, स्मशानातले दगडही पाटीचे. खाणी आता बंद, खड्ड्यांत पाणी साचून तळी झालीत. गावात मराठी घर आमचं एकच. बाबा सकाळी पोस्टापर्यंत चालत जायचे, दुपारी पोस्टापर्यंत, संध्याकाळी पुन्हा पोस्टापर्यंत. पोस्टात त्यांचं काय काम होतं, ते मी कधी विचारलं नाही.

शेजारच्या घरात ग्वेन राहते. एक्क्याऐंशी वर्षांची, एकटी, काठीसारखी ताठ. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. बाबांना हे कळलं त्या दिवसापासून दोघांची मैत्री. हिला मराठी येत नाही, यांचं इंग्रजी "गुड मॉर्निंग" आणि "थँक्यू"पुढे जात नाही, पण कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून हातांनी वळणं काढत, गिअर बदलत, ब्रेक दाबत दोघं अर्धा अर्धा तास बोलायची. अडलं की मला हाक. माझी मीटिंग चालू असेल तरी मी खिडकीतून ओरडून भाषांतर करायचे. दोन्हीकडची भाषा माझ्या एकटीच्या हातात होती, हे इथेच लक्षात ठेवा.

गेल्या मार्चमध्ये ग्वेन एक छापील कागद घेऊन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी चहा टाकला. ती म्हणाली, आमच्या चर्चमध्ये यंदा मोठा सोहळा आहे. हे गाव ज्या वेल्श खाणकामगारांनी वसवलं त्यांनी आपल्या जुन्या गावाचं नाव इथे आणलं. ते जुनं बँगोर वेल्समध्ये, समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्टीच्या काठी. आज तिथे मोठं कॅथीड्रल आहे. पण दीड हजार वर्षांपूर्वी काय होतं? डेन्योल नावाचा एक साधू आला. राजाकडून त्याला जागा मिळाली. चार झोपड्या, एक लहानसं चर्च, तेही लाकूडमातीचं, आणि भोवती काठ्या विणून केलेलं कुंपण. त्या कुंपणावरूनच गावाचं नाव पडलं म्हणतात. ते कधीच कुजून गेलं, पण नाव समुद्र ओलांडून इथवर आलं. म्हणून सप्टेंबरात, डेन्योलच्या दिवसानंतरच्या रविवारी, चर्चच्या हिरवळीवर तसंच एक कुंपण उभं करायचं.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. मला वाटलं, "बरं" म्हणतील. तर त्यांनी कप खाली ठेवला.

"कूड?" ते म्हणाले. "कूडच ना हा?"

कूड म्हणजे काठ्या विणून केलेली भिंत. बाबांचं सगळं बालपण कुडाच्या घरात गेलं. डोंगरात कारवी वाढते, तिच्या सरळ काठ्या तोडून आणायच्या, मेढींमध्ये, म्हणजे जमिनीत गाडलेल्या उभ्या खांबांमध्ये विणायच्या, वरून माती-शेणाने लिंपायच्या. त्यांचे वडील पंचक्रोशीत कूड घालायला जायचे आणि बाबा त्यांच्या हाताखाली शिकलेले. हे मला लग्नानंतर सासूबाईंकडून कळलं होतं. माझ्या माहेरी कुणाला माहीत नव्हतं. आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नागपुरात सगळ्यांना सांगितलं होतं की व्याही एसटीत ऑफिसर आहेत. मीही तेच सांगत आले. खोटं तर तिथूनच सुरू झालं म्हणायचं, पण ते अप्पांचं, माझ्या हिशेबात धरत नाही.

"खाडीकाठ आहे म्हणजे जमीन भुसभुशीत," बाबा म्हणाले. "मेढी हातभर खोल गाडल्या असणार. विचार तिला, त्या डेन्योलबाबाला कूड घालायला कुणी शिकवलं?"

मी विचारलं. ग्वेन हसून म्हणाली, "देवालाच ठाऊक. त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही."

"नसणारच," बाबा म्हणाले. "साधू काय कूड घालत बसतो होय! घालणारा वेगळा. त्याचं नाव कोण लिहितोय?"

एप्रिलमध्ये चर्चची माणसं कामाला लागली. ओढ्याकाठच्या विलोच्या झाडांच्या लांब काड्या तोडून आणल्या, व्हिडिओ बघून बघून विणल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळं आडवं. पुन्हा विणलं, पुन्हा आडवं. बाबा रोज पोस्टाच्या वाटेवर थांबून बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. मी गाडीतून भाजी घेऊन येत होते, तर हे चर्चच्या हिरवळीवर उकिडवे बसलेत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला पंचा बांधलेला, आणि एका सहा फुटी अमेरिकन माणसाला मराठीतून झापतायत, "अरे मोडतोस काय, पीळ दे! पीळ देऊन वळव!"

तो माणूस पीळ देत होता हो. एकही शब्द न कळता देत होता.

शेवटच्या मेढीला काडी नुसती वाकवली की तुटते. पिळून तिचे धागे मोकळे करायचे, मग ती दोरीसारखी वळते. एका काडीचा जाड बुडखा डावीकडे तर दुसरीचा उजवीकडे, म्हणजे भिंत एका अंगाला कलत नाही. दर चार बोटांवर मुठीने ठोकून बसवायचं. वाळलेली काडी घ्यायचीच नाही, पाण्यात भिजवून मऊ करायची. हे सगळं मला त्या महिन्यात कळलं, कारण भाषांतराला मीच होते. चर्चवाल्यांनी ठरवलं, दोन मेढींमधला एक खण, असं बारा खणांचं कुंपण करायचं, आणि करतील ते मिस्टर नंदूच. शेवटचा बारावा खण मोकळा ठेवायचा. तो त्यांनी सोहळ्याच्या दिवशी सगळ्या गावासमोर विणायचा.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "सगळ्यांसमोर? मीच?"

"तुम्हीच."

त्याच आठवड्यात त्यांनी निमिषकडून नवीन शर्ट मागून घेतला. वीस वर्षांत त्या माणसाने मुलाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. पांढरा हवा म्हणाले, सप्टेंबरसाठी. रोज सकाळी आठला दाढी करून पंचा खांद्यावर टाकून पायरीवर बसायचे, ग्वेन आली की निघायचे. जेवायला बसले की भाकरी दोन. आणि बोलायला लागले! वाडीतलं घर, त्यांचे वडील, कारवी फुलली की डोंगर कसा निळा दिसतो. आमच्या घरात माइक चालू झाला होता. मे महिन्याच्या मध्यापर्यंत सात खण उभे राहिले होते, असे सरळ की जाणारी गाडी थांबून बघायची.

आणि मग तो फोटो.

चर्चवाल्यांनी कौतुकाने काढून त्यांच्या पानावर टाकला. निमिषने त्याहून कौतुकाने तो पिस्कॅटवेच्या आमच्या मराठी ग्रुपवर टाकला. उकिडवे बसलेले बाबा, उघड्या पोटऱ्या, चिखलाचे हात, डोक्याला पंचा, मागे क्रॉस. दहा मिनिटांत ग्रुप पेटला. कुणी लिहिलं, "काका, चर्चमध्ये भरती झालात की काय?" माझी मैत्रीण ज्ञानदा, तिने लिहिलं, "अगं राधिका, तिकडे लँडस्केपिंगवाले मिळत नाहीत का? सासऱ्यांना जुंपलंस ते!" खाली वीस हसरे चेहरे. थट्टाच होती. मीही लोकांची अशीच करते. पण संध्याकाळी नागपूरहून आईचा फोन, "हा फोटो कुठून कुठून आला गं माझ्याकडे. जावईबापूंचे वडील मजुरी करतात का तिथं? तू तर म्हणायची ऑफिसर होते."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कुणाचा राग आला सांगू? ज्ञानदाचा नाही, आईचाही नाही. बाबांचा आला. शहात्तरीच्या माणसाने भर रस्त्यात पँट गुडघ्यावर घेऊन बसायचं म्हणजे काय? आमची काही इज्जत? आता लिहिताना स्वतःची लाज वाटते, पण तेव्हा मनात आलं ते हेच. वर मी त्या रागाला बाबांच्या काळजीचं लुगडं नेसवलं. वय झालंय, बीपी आहे, कंबर धरली तर कोण बघणार. स्वतःला पटवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

सोमवारी ग्वेन न्यायला आली. बाबा आंघोळीला गेले होते. मी मागच्या दारातच तिला गाठलं आणि म्हणाले, "डॉक्टरांनी त्यांना सक्त मनाई केलीय. हार्टचं आहे." तिचा चेहरा उतरला. ती भेटायला आत यायला निघाली, तेव्हा मी म्हटलं, "प्लीज, त्यांच्याकडे विषय काढू नका. त्यांना फार वाईट वाटतं." तिने माझा हात दाबला आणि गेली. हे पहिलं खोटं.

बाबा पंचा खांद्यावर टाकून पायरीवर येऊन बसले. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मी आतून बघत होते. दहाला आत आले.

"ग्वेनबाई आल्या नाहीत आज."

"त्यांचं ठरलंय बाबा, पुढचं काम त्यांची माणसं करणारेत."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. "का? काही चुकलं का माझं?"

"चुकायचं काय त्यात. असतं त्यांचं काहीतरी."

"बरं," ते म्हणाले आणि जाऊन हात धुतले. हातांना काहीही लागलेलं नव्हतं.

झालं. हे दुसरं. मला वाटलं, आठ दिवस गप्प राहतील, मग विसरतील. पूर्वी असेच तर होते. पण पूर्वी ते गप्प होते ते गप्प होते म्हणून. आता माणूस बोलून गप्प झाला होता. पोस्टाची वाट त्यांनी बदलली. चर्च लागू नये म्हणून मागच्या चढाच्या रस्त्याने जायचे. ग्वेन तिच्या ओट्यावरून हात करायची, तर हे मान खाली घालून नमस्कार करायचे आणि आत. तिला वाटायचं, आजारी माणूस. यांना वाटायचं, बाई संकोचाने हात करतेय. एकदा म्हणाले, "राधिका, त्यांच्यातली एक म्हातारी दुकानात भेटली. छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती, कीव आल्यासारखी. एवढं वाईट झालं होतं का गं काम?" ती त्यांच्या हार्टचं विचारत होती. मी फ्रिज उघडून त्यात काहीतरी शोधत राहिले.

मला सांगायला वेळ नव्हता असं नाही. जूनमध्ये सांगता आलं असतं, जुलैमध्ये आलं असतं. निमिष म्हणाला, "बाबांची भूक गेलीय, बघितलंस का?" तेव्हा जिभेवर आलं होतं. पण मग ग्वेनलाही सांगावं लागलं असतं, चर्चलाही, आणि मी खोटारडी ठरले असते. दर दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा जड होत गेलं. वरच्या खोलीतून माझं काम चालतं, तिथून ग्वेनच्या गॅरेजमागचं अंगण दिसतं. तिथे तिने एक निळा प्लॅस्टिकचा टब ठेवला होता आणि दर शनिवारी ती त्यात पाइपने पाणी भरायची. मला वाटलं, टोमॅटोंच्या काठ्या असतील. जास्त बघितलं नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला बाबा जेवताना म्हणाले, "गणपतीला गावाला जाऊन येतो म्हणतो."

कोकणातला माणूस, गणपतीला जातो म्हणाल्यावर कोण आश्चर्य करणार? उलट मला हायसं वाटलं. पुतण्याकडे राहतील, मन रमेल, ऑक्टोबरात येतील, तोवर चर्चचंही उरकलेलं असेल. मीच हौसेने तिकीट काढलं, मोदकाचा साचा दिला, पुतण्याच्या पोरांना चॉकलेटं दिली. पांढरा शर्ट घ्या म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे इथेच." एक बॅग घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची खोली आवरायला गेले. टेबलाच्या खणात इस्त्री केलेला रुमाल, आणि रुमालावर ग्रीन कार्ड. ते कार्ड नसेल तर परत येता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मीच शंभरदा बजावलं होतं, पासपोर्ट आणि कार्ड एकत्र ठेवा म्हणून. निमिष म्हणाला, "विसरले असतील." बसच्या वेळा रिटायर होऊन इतक्या वर्षांनीही तोंडपाठ सांगणारा माणूस. मला तिथेच बसावंसं वाटलं, आणि मी बसलेही, त्यांच्या पलंगावर, तासभर.

सप्टेंबरात ग्वेन बोलवायला आली. ते भारतात गेलेत एवढंच तिला माहीत होतं. उपचाराला, असं तिने धरून चाललं होतं. मी तेही दुरुस्त केलं नाही. निमिष कामासाठी डॅलसला गेला होता. मी एकटीच गेले, कारण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं.

हिरवळीवर कुंपण उभं होतं. सात खण सरळ, घट्ट, बोट शिरणार नाही असे. चार वाकडेतिकडे, बाबांनी शिकवलेलं आठवून आठवून त्या माणसांनी घातलेले. पण उभे होते, आणि टोकाच्या प्रत्येक काडीला पीळ होता. बारावा खण रिकामा. नुसत्या मेढी, आणि बाजूला तो निळा टब, त्यात पाण्यात बुडलेल्या विलोच्या काड्या.

ग्वेन म्हणाली, "तो म्हणाला होता ना, वाळल्या तर चालत नाहीत. उन्हाळाभर भिजवून ठेवल्या. जुन्या कुजल्या की नव्या आणायचो. म्हटलं, न जाणो, बरा होऊन येईल."

पाद्री डेन्योलबद्दल बोलले. काही नव्हतं त्याच्याकडे, म्हणाले, हाताशी होत्या त्या काठ्या घेऊन सुरुवात केली. मग म्हणाले की आपले शेजारी मिस्टर नंदू यांच्या हृदयासाठी आपण मे महिन्यापासून दर रविवारी प्रार्थना करतोय, आजही करू. आणि ती साठ-सत्तर माणसं माना खाली घालून उभी राहिली. मी मध्ये उभी. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं लोक म्हणतात ना, मला ते त्या दिवशी कळलं.

नंतर ग्वेनने मला पहिल्या खणापाशी नेलं. तिथे जमिनीत पाटीच्या दगडाचा एक तुकडा रोवला होता. त्यावर वर डेन्योलचं नाव आणि दोन सालं. खाली कोरलं होतं, विणणारे: नंदकुमार उतेकर, महाड. महाडचं स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं. "त्याने विचारलं होतं ना, विणणाऱ्याचं नाव कोण लिहितोय म्हणून," ग्वेन म्हणाली. "कशी आहे आता तब्येत?"

मी तिला सगळं सांगितलं. तिथेच, उभ्या उभ्या. हार्टचं काही नाही, कधीच नव्हतं, मला फोटोची लाज वाटली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "आणि तुम्ही त्याला काय सांगितलंत?" मी तेही सांगितलं. तिने पाटीवरची माती हाताने पुसली. मग म्हणाली, "फोन लावा त्याला."

तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते. बाबा पुतण्याच्या ओटीवर बसले होते. वाळले होते. मी कॅमेरा कुंपणाकडे फिरवला. त्यांनी चष्मा लावला. "जवळ घे. अजून जवळ. तो नववा खण कुणी घातलाय? बुडखे सगळे एकाच अंगाला आलेत, पावसाळ्यात कलेल तो." मग त्यांना पाटी दाखवली. त्यावरचं त्यांना वाचता आलं नाही, इंग्रजीत होतं. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं.

"मग मला का गं बोलावलं नाही त्यांनी?"

"बाबा, त्यांनी बोलावलं होतं. मीच सांगितलं त्यांना, तुम्हाला हार्टचा त्रास आहे म्हणून. आणि तुम्हाला खोटं सांगितलं. मला लोकांची लाज वाटली. चुकलं माझं."

ओरडतील असं वाटलं. मला हवंच होतं ते.

"म्हणजे काम नापसंत नव्हतं?" ते म्हणाले.

"नाही हो बाबा."

"मी चार महिने तेच बघतोय. रोज डोळे मिटले की सातही खण उसवतो नि परत विणतो. कुठे चुकलं ते काही सापडेना." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "हे मला तेव्हा कळलं असतं ना राधिका, तर मी आलो नसतो गं इकडे."

मी रडत होते. म्हटलं, "मग या ना परत. कार्ड पाठवते मी. निमिष येईल न्यायला. तुमचा खण ठेवलाय यांनी, काड्या भिजवून ठेवल्यात, बघा." मी टब दाखवला. ग्वेनने एक काडी पाण्यातून काढून त्यांना दाखवली, वाकवून, पीळ देऊन. ते तिच्याकडे बघून हसले आणि त्यांनी हाताने गिअर टाकून दाखवला. तिनेही टाकला.

"बाबा, याल ना?"

वीस वर्षं ऐकलेल्या त्या उत्तराची मी वाट बघत होते. तुम्ही म्हणाल तसं, एवढंच तर म्हणायचं होतं.

"नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या खोलीत कामाला बसले. ग्वेन गॅरेजमागे आली आणि तिने तो निळा टब गवतावर उपडा केला.